बिझनेस लॉ आणि एथिक्स: कलम नंतर, आधी व्यवहार बघ

प्रश्न थोडक्यात असा आलाय. तासगाव भागातली मुलगी आहे, बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला, बारावीपर्यंत मराठी मीडियम, घरचा बेदाण्याचा व्यवसाय. आता बिझनेस लॉ अँड एथिक्स हा पेपर इंग्रजीत आलाय, कलमं पाठ होत नाहीत, केसेसची नावं डोक्यात राहत नाहीत, एथिक्सला काय लिहायचं तेच कळत नाही कारण सगळे म्हणतात मनाचं लिही. तर अभ्यास कसा करू आणि याचा पुढं खरंच उपयोग होतो का, असं तिनं विचारलंय.

मी सांगलीत व्यापारी केसेसची वकिली करते, चेक बाउन्स, भागीदारीची भांडणं, ग्राहक आयोगाच्या तक्रारी असलं सगळं, आणि बरीच वर्षं बीकॉम-बीबीएच्या मुलांना हाच विषय व्हिजिटिंग म्हणून शिकवतेय, त्यामुळं दोन्ही बाजूनं सांगते.

पाठांतर आधी थांबव. कलमाचा नंबर लक्षात राहतो तो शेवटी राहतो, आपोआप राहतो. पहिल्यांदा व्यवहार बघायचा, म्हणजे कोण विकतंय, कोण घेतंय, माल कुठं पडलाय, पैसे किती दिलेत, मग विचारायचं की यात बिघडलं तर नुकसान कुणाच्या अंगावर पडणार, आणि मग त्या प्रश्नाचं उत्तर कुठल्या कलमात आहे ते शोधायचं. आमच्याकडं मुलं उलटं करतात, कलमापासून सुरू करतात आणि व्यवहारापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून परीक्षेत प्रॉब्लेम टाइप प्रश्न आला की पान कोरं.

आज एकच काम कर. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १७ उघड, गाइडमध्ये नको, बेअर ॲक्टमध्ये, म्हणजे कायद्याच्या मूळ मजकुरात, सरकारच्या इंडिया कोड वेबसाइटवर फुकट मिळतो. कलम १७ म्हणजे फ्रॉड. त्याच्या खाली चार छोटी उदाहरणं दिलीत, ती वाच. पहिल्यात एक माणूस लिलावात घोडा विकतोय, घोड्यात खोट आहे हे त्याला माहितीय पण तो काहीच बोलत नाही, कायदा म्हणतो हा फ्रॉड नाही. दुसऱ्यात घेणारी त्याचीच मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली, तिथं मात्र नात्यामुळं सांगणं हे त्याचं कर्तव्य होतं. तिसऱ्यात घेणारा म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा धडधाकट आहे असं धरतो, आणि विकणारा गप्प, तर ते गप्प बसणं बोलल्यासारखंच. चौथं आपल्या कामाचं आहे, दोन व्यापारी करार करतायत आणि एकाला भाव बदलणार असल्याची आतली खबर आहे, ती दुसऱ्याला सांगायला तो बांधील नाही.

आता घोडा काढून तिथं सेकंडहँड ट्रॅक्टर घाल, आणि चौथ्या उदाहरणातले दोन व्यापारी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभे कर. बघ लगेच कळतं का नाही. आणि दुसरा प्रश्न पण तिथंच उभा राहतो, कायदा म्हणतो फ्रॉड नाही, ठीक, पण गप्प बसणं बरोबर होतं का? समोर दुसरा व्यापारी असेल तर एक उत्तर येईल, समोर शेतकरी असेल, त्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि माल आजच विकायचाय, तर तुझं उत्तर बदलेल. का बदललं ते चार ओळीत लिही. झाला एथिक्सचा अभ्यास सुरू. हा विषय म्हणजे दोन वेगळे पेपर एकत्र शिवलेत असं समजू नकोस, एकाच व्यवहाराला विचारलेले दोन प्रश्न आहेत, आणि माझं सगळं सांगणं या एका गोष्टीवर उभं आहे.

एक मोठं उदाहरण पूर्ण सोडवून दाखवते कारण यात सेल ऑफ गुड्स ॲक्ट, १९३० चा निम्मा सिलॅबस येतो. समज एका व्यापाऱ्यानं सोमवारी लिलावात २०० पोती हळद घेतली. पोती ठरलेली, बघितलेली, त्यावर बोली झाली. थोडे पैसे दिले, माल अडत्याच्या गोडाऊनला तसाच राहिला, गुरुवारी कृष्णेचं पाणी आलं आणि पोती भिजली. नुकसान कुणाचं? वर्गात विचारलं की सगळी मुलं म्हणतात, ज्याच्या ताब्यात माल त्याचं, नाहीतर म्हणतात पूर्ण पैसे दिले नव्हते म्हणजे विकणाऱ्याचं. दोन्ही चूक. कलम २६ म्हणतं जोखीम मालकीबरोबर जाते, ताब्याबरोबर नाही. मग मालकी कधी गेली? कलम ६४ प्रमाणं लिलावाची विक्री हातोडा पडला की पूर्ण होते, तोपर्यंत बोली लावणारा बोली मागं घेऊ शकतो. कलम २० म्हणतं माल ठरलेला आणि देण्याच्या स्थितीत असेल तर करार झाला त्याच क्षणी मालकी जाते, पैसे नंतर द्यायचे असले, माल नंतर उचलायचा असला तरी. म्हणजे नुकसान घेणाऱ्याचं.

पण थांब, इथंच चांगला विद्यार्थी कळतो. हळद क्विंटलवर विकतात. वजन झालं होतं का? कलम २२ सांगतं की किंमत काढायला विकणाऱ्यानं वजन करून द्यायचं बाकी असेल तर वजन होऊन घेणाऱ्याला कळेपर्यंत मालकी जात नाही. म्हणजे काटा झाला नसेल तर उत्तर फिरलं, नुकसान विकणाऱ्याकडं. एका काट्याच्या पावतीवर अख्खी केस. अजून एक वळण आहे, घेणाऱ्याला माल बुधवारी उचलायला सांगितला होता आणि त्यानं टाळलं, तर त्या दिरंगाईमुळं झालेलं नुकसान चुकणाऱ्याच्या अंगावर, हे पण कलम २६ मध्येच आहे. आणि गोडाऊनवाला? तो बेली झाला, म्हणजे दुसऱ्याचा माल सांभाळायला घेणारा, आणि असा व्यवहार म्हणजे बेलमेंट, करार कायद्याचं कलम १५१, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी त्यानं घ्यायला पाहिजे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आहे आणि धोका पातळी ४५, हे सांगलीत लहान पोराला पण माहितीय, मग पाणी ४० च्या वर गेल्यावर यानं खालची पोती वर हलवली का, निदान मालकाला फोन केला का, हा प्रश्न कोर्टात येणारच. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर असले वाद आपल्याकडं पुस्तकातले राहिले नाहीत. तुझ्याकडं तर बेदाणा कोल्ड स्टोरेजला असतो, घरी पावती काढ आणि मागं बारीक अक्षरात काय अटी छापल्यात ते वडिलांना वाचून दाखव, बेलमेंटचं चॅप्टर एका रात्रीत होईल.

आता याच केसचा एथिक्सचा भाग. कायद्यानं नुकसान एकाच्या डोक्यावर टाकलं, पण पेठेत कितीतरी वेळा दोघं बसून निम्मं निम्मं सोसतात कारण पुढच्या सीझनला परत एकमेकांशी व्यवहार करायचाय. हे बरोबर का? मला वाटतं बरोबर, पण एका अटीवर, दोघांना आपला कायदेशीर हक्क माहिती असेल तर. हक्क माहिती असून सोडला तर तो समजूतदारपणा, माहितीच नाही म्हणून गेला तर ते शोषण, आणि परीक्षेत हा फरक लिहिलास तर पेपर तपासणारा थांबून वाचेल, मी स्वतः पेपर तपासलेत म्हणून सांगते.

जामीनकीचं चॅप्टर मुलं ऑप्शनला टाकतात आणि मला त्याचा फार राग येतो, कारण आपल्याकडं प्रत्येक घरात कुणीतरी पतसंस्थेच्या कर्जाला जामीन आहे. काका जामीन, मामा जामीन, सही करताना सांगतात नुसती फॉर्मॅलिटी आहे. करार कायद्याचं कलम १२८ वाच, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच, आणि बँक आधी कर्जदाराच्या मागं लागेल मग माझ्याकडं येईल असं काही नसतंय, ती सरळ जामीनदारावर येऊ शकते, सुप्रीम कोर्टानं १९६८ मध्ये बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या केसमध्ये हे स्पष्ट सांगितलंय. पण कायदा जामीनदाराला पण हत्यारं देतो. त्याला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या तर कलम १३३, तारण ठेवलेली वस्तू बँकेनं घालवली तर कलम १४१, आणि त्यानं कर्ज फेडलं तर कलम १४० प्रमाणं तो बँकेच्या जागी उभा राहून कर्जदाराकडून वसूल करू शकतो. आणि एथिक्स? सही घेताना फॉर्मॅलिटी आहे म्हणणारा कर्मचारी. त्याला सगळं माहितीय, सही करणाऱ्याला नाही, आणि नात्यामुळं सही करणारा नाही म्हणू शकत नाही. हे मी एथिक्सचं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणून शिकवते.

विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाईवाले देशभर सोनं-चांदी गाळायचं काम करतात, तुझ्या ओळखीत नक्की कुणीतरी असणार. दुसऱ्याचं सोनं आपल्या भट्टीत घेणं म्हणजे पण बेलमेंट. दोघांचं सोनं एकत्र झालं तर काय ते करार कायद्याच्या कलम १५५ ते १५७ मध्ये आहे, मजुरी मिळेपर्यंत सोनं अडवून ठेवायचा हक्क कलम १७० मध्ये. त्यांना विचार, कागद किती असतो आणि विश्वासावर किती चालतं. असा एक व्यवसाय नीट समजून घेतलास तर दहा गाइडं वाचायची गरज नाही.

चेकचं कलम १३८ मात्र तारखांसकट पाठच पाहिजे, इथं सुटका नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट १८८१ चा, पण १३८ कलम लागू झालं १९८९ पासून. चेक मुदतीत, म्हणजे आता ३ महिन्यांत, बँकेत टाकायचा, परत आल्याचं बँकेनं कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. द्राक्षाच्या सीझनला बाहेरचा व्यापारी येतो, गोड बोलतो, पुढच्या तारखेचा चेक देऊन गाड्या भरून नेतो, चेक परत येतो, मग फोनवर देतो देतो ऐकण्यात शेतकऱ्याचे ३० दिवस निघून जातात आणि मग तो माझ्याकडं येतो. कागद चांगला असून तारीख गेली की माझे पण हात बांधले जातात, चेकची मुदत शिल्लक असेल तर परत टाकून बघता येतो एवढंच, नाहीतर मग दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता. तू हे एक कलम शिकून गावातल्या चार माणसांना तारखा सांगितल्यास तरी या कोर्सचा उपयोग झाला असं मी म्हणेन. आणि नुसता सही केलेला कोरा चेक देऊ नका हे पण सांग, २०१९ मध्ये बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की रक्कम दुसऱ्यानं भरली तरी सही करणारा सुटत नाही, देणं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर येते.

पार्टनरशिप ॲक्ट १९३२ मधलं ६९ कलम बघ, रजिस्टर नसलेली फर्म कराराच्या वसुलीसाठी बाहेरच्यावर दावा लावू शकत नाही, हे माहिती नसल्यानं भाऊभाऊ अडकतात. कंपनी कायदा २०१३ परीक्षेपुरता कर, त्यात सीएसआरचं, म्हणजे कंपनीनं समाजासाठी करायच्या खर्चाचं, १३५ कलम हमखास येतं, नेटवर्थ ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यातलं एक जरी असलं तरी लागू, मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा. आपले सहकारी कारखाने मात्र १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदलेत, कंपनी नाहीत, त्यामुळं त्यांना हे १३५ कलम लावून उत्तर लिहू नकोस, दरवर्षी निम्मा वर्ग लिहितो. कारखान्याचं उदाहरण द्यायचंच तर ऊस बिलाचं दे. १९६६ च्या शुगरकेन कंट्रोल ऑर्डरप्रमाणं ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, आणि एफआरपीपेक्षा, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दरापेक्षा, कमी दर ठरवता येत नाही. करार स्वातंत्र्यावर सरकार बंधन का घालतं या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर सांगली-साताऱ्यात नाही. लहान उद्योगांसाठी असंच एमएसएमईडी ॲक्ट, २००६ चं कलम १५, पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत, कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या जॉबवर्कवाल्यांना विचार त्याचं महत्त्व. हक्क असून मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तो वापरायची भीती का वाटते हे पण विचार, तो एथिक्सचाच प्रश्न आहे.

एथिक्सच्या उत्तरात मनाचं लिहायचं नसतं. प्रामाणिकपणा महत्त्वाचा आहे, समाजाचं देणं लागतो, असल्या वाक्यांना मी मार्क देत नाही आणि कुणी देऊ पण नये. मी मुलांना तीन गोष्टी शोधायला लावते, कुणाला जास्त माहिती आहे, कुणाला नाही म्हणता येत नाही, आणि ज्याच्यावर परिणाम होणार तो चर्चेत आहेच का नाही. हळदीचा रंग उठून दिसावा म्हणून लेड क्रोमेट मिसळतात, त्यात शिसं असतं, ते खाणारं लहान मूल त्या व्यवहारात कुठंच नाही, भाव ठरवताना त्याला कुणी विचारलेलं नाही. आता तत्त्वज्ञ कांटचा विचार लाव, त्या मुलाचा नुसता साधन म्हणून वापर झाला. तत्त्वज्ञ मिलचा विचार लाव, थोड्यांच्या नफ्यासाठी किती जणांचं नुकसान. गांधीजींची विश्वस्त कल्पना लाव, म्हणजे संपत्ती आपली नाही, आपण तिचे नुसते राखणदार. आणि मग फूड सेफ्टी ॲक्ट, २००६ आण, म्हणजे दिसेल की जे आधी फक्त नैतिक होतं ते हळूहळू कायद्यात येतं. १९३० च्या कायद्यात मूळ सूत्र होतं घेणाऱ्यानं सावध राहावं, मग १९८६ चा ग्राहक कायदा, मग २०१९ चा, ओझं हळूहळू विकणाऱ्याकडं सरकत गेलंय. हा प्रवास लिहिलास तर लॉ आणि एथिक्सचा संबंध सांगा हा प्रश्न कसाही फिरवून येऊ दे.

सत्यम या आयटी कंपनीच्या घोटाळ्याची केस सगळे लिहितात पण तिचे प्रमुख रामलिंग राजू लोभी होते एवढंच लिहितात. ७ जानेवारी २००९ चं त्यांचं पत्र वाच. खात्यात नसलेले ५०४० कोटी रुपये कॅश आणि बँक बॅलन्स म्हणून दाखवले होते, आणि त्यांनीच लिहिलंय की खरा नफा आणि दाखवलेला नफा यातलं अंतर आधी थोडं होतं, वर्षावर्षाला वाढत गेलं. मग प्रश्न विचार, बँक बॅलन्स तर बँकेला विचारून तपासता येतो, मग ऑडिटर काय करत होते, इंडिपेंडंट डायरेक्टर काय करत होते. म्हणून २०१३ च्या कायद्यात ठरावीक कंपन्यांना ऑडिटर बदलत राहायची सक्ती आली, कलम १३९. उत्तर माणसाच्या स्वभावापाशी थांबवू नकोस, व्यवस्थेत भोक कुठं होतं तिथं ने.

केसेसच्या नावांचं सांगते. पाच-सहा केसेस बास, पण गोष्टीसकट. मोहरीबीबी विरुद्ध धर्मदास घोष, १९०३, अल्पवयीन मुलानं सावकाराकडं मालमत्ता गहाण ठेवली, सावकाराच्या माणसाला मुलाचं वय माहिती होतं, प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे तेव्हाचं सगळ्यात वरचं कोर्ट, म्हणालं करार मुळातच व्हॉइड, म्हणजे कायद्यानं झालाच नाही. इथं व्हॉइडेबल, म्हणजे एका बाजूला रद्द करता येण्यासारखा, असं लिहिलंस की मार्क गेले. लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त, १९१३, बक्षीस जाहीर झाल्याचं माहितीच नव्हतं आणि मुलगा शोधून आणला, मग बक्षीस मागता येत नाही, कारण माहिती नसलेल्या प्रस्तावाला स्वीकृती कशी देणार. हॅडले विरुद्ध बॅक्सेंडेल, १८५४, गिरणीचा शाफ्ट पोचवायला उशीर झाला, नुकसानभरपाई कुठपर्यंत, आपल्याकडं करार कायद्याचं कलम ७३. तिथं द्राक्षाची गाडी उशिरा पोचली असं उदाहरण स्वतःचं जोड.

लिहिताना प्रॉब्लेम प्रश्नाला आधी दोन ओळीत मुद्दा, मग नियम, मग तो नियम या माणसांना कसा लागतो, मग निकाल. मधला भाग सगळ्यात लांब पाहिजे, मुलं नियमावरच पान संपवतात. कलमाचा नंबर आठवत नसेल तर टाकू नकोस, चुकीच्या नंबरापेक्षा नियम शब्दात लिहिलेला बरा.

जुन्या गाइडपासून सांभाळून. जिल्हा ग्राहक आयोगाची मर्यादा काही गाइडांत २० लाख आहे, ती १९८६ च्या कायद्याची, २०१९ च्या कायद्यात १ कोटी होती, आणि २०२१ च्या नियमांनी ती ५० लाख झाली, आज ५० लाख लिहायचं. ४२० कलम पण आता नाही, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, फसवणूक कलम ३१८. आणि शेतकरी ग्राहक नाही असं कुणी म्हणालं तर २०१२ ची नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनची केस दाखव, बियाणं घेणारा शेतकरी ग्राहक आहे.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नकोस. आधी मराठीत कुणाला तरी समजावून सांग, आईला सांग, तिला पटलं की मग इंग्रजीत छोट्या वाक्यात लिही. कायद्याचे ठरलेले पन्नास-साठ शब्द इंग्रजीतच पक्के कर, बाकी इंग्रजी साधं असलं तरी चालतं.

उपयोगाचं विचारलंस तर बीबीएनंतर एमएच सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी करता येतं, सीएसचा, म्हणजे कंपनी सेक्रेटरीचा, रस्ता आहे, आणि यातलं काहीच नाही केलंस आणि घरच्या बेदाण्यात उतरलीस तरी सौद्याची पट्टी, कोल्ड स्टोरेजची पावती आणि चेकची तारीख हे तीन कागद घरात तूच बघायला घे. पुढच्या आठवड्यात ती कोल्ड स्टोरेजची पावती वाचून झाली की त्यातली जी अट कळली नाही ती मला लिहून पाठव, नावं झाकून, आपण कलम १५१ आणि १५२ लावून सोडवू.